दाखव जीभ

शेजारच्या कविताभाभींचा फोन आला तेव्हा मी पतपेढीच्या काउंटरवर होते. जेवणाची सुट्टी संपून नुकतीच गर्दी सुरू झाली होती. "कल्पना, घर आ जा," भाभी म्हणाल्या, "बाबा कुर्सी पे बैठे हैं, मैं कब से बुला रही हूँ, जवाब नहीं दे रहे." आणि माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं, तर... यात नवीन काय? बाबा कधी कोणाला जवाब देतात? एवढं मनात येऊन गेलं आणि मग मी काउंटर तसंच सोडून उठले. रिक्षाने विठ्ठलवाडीला पोचेपर्यंत मी स्वतःला तेच समजावत होते, की भाभी सिंधी, मोठ्याने बोलणाऱ्या, बाबा नेहमीसारखे मान हलवून गप्प बसले असतील आणि यांना कळलं नसेल. चाळीच्या जिन्यात माणसं उभी दिसली तेव्हा कळलं की तसं नाही. बाबा दाराजवळच्या त्यांच्या खुर्चीत होते. चष्मा नाकावर, एक हात दाराच्या कडीपर्यंत पोचेल असा चौकटीला टेकलेला.

बाबा म्हणजे माझे सासरे, तुकाराम. अंबरनाथच्या एका फॅक्टरीत स्टोअरला त्यांची सगळी नोकरी झाली. आता त्यांना जाऊन काही आठवडे झालेत. भेटायला आलेला प्रत्येक जण एकच वाक्य बोलून गेला, "फार शांत माणूस हो." मीही मान डोलावली, कारण अशा वेळी वाद घालत नाहीत. पण मला ते पटलेलं नाही. शांत माणसाला बोलायचंच नसतं. बाबांना बोलायचं असायचं, पुष्कळ बोलायचं असायचं. त्यांची जीभ जन्मापासून खाली बांधलेली होती आणि बोललं की लोक हसतात हे त्यांना फार लहानपणी कळलं होतं, एवढंच. म्हणून हे लिहायला बसले. एक गोष्ट आधीच सांगते. त्यांचे उच्चार कसे होते ते मी इथे लिहून दाखवणार नाही. ते त्यांना आवडलं नसतं.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात दोन पुरुष, माझा नवरा विजय आणि बाबा. दोन खोल्या, मध्ये एक दार. माझ्या मैत्रिणींनी खूप घाबरवलं होतं की सासू नाही म्हणजे सासरा डोक्यावर बसेल. डोक्यावर बसणं दूरच, पहिले काही महिने बाबांनी माझ्याकडे मान वर करून पाहिलंही नाही. आतल्या खोलीत यायचं असेल तर ते मधल्या दाराची कडी वाजवायचे. एकदाच, हलकेच. मी "या" म्हटल्याशिवाय पाऊल टाकायचे नाहीत. जेवण वाढलं, कडी. पेपर हवा, कडी. मला वाटायचं, आपण यांना पसंत नाही. विजय म्हणायचा, "अगं, बाबा असेच आहेत." 'असेच' म्हणजे कसे, ते मात्र त्यानेही कधी खोलात जाऊन पाहिलं नव्हतं. घरातल्या माणसाचं असंच होतं, रोजच्या गोष्टीला कोणी कारण विचारत नाही. विहारात बाबा शेवटच्या रांगेत बसायचे. वंदना सुरू झाली की त्यांचे ओठ हलायचे, पण आवाज यायचा नाही. जयंतीला मंडपाच्या वायरिंगपासून पाण्याच्या पिंपापर्यंत सगळं त्यांच्याकडे आणि स्टेजवर चढायची वेळ आली की हे गायब. कुठल्याही ऑफिसात कोणी नाव विचारलं की बाबा खिशातला फॅक्टरीचा जुना पास काढून पुढे धरायचे. नावात 'र' होता ना.

माझं बाळंतपण माहेरी झालं, बदलापूरला, दोन हजार एक साली. कुळगावात आमचं बैठं घर, पुढे पडवी, मग पडदा, आत बाळंतिणीची खोली. मुलगी झाली, सगळे खूश. आणि मग ते सुरू झालं. पोरगी तासन् तास अंगावर असायची आणि तरी उपाशी. तोंड लावायची, निसटायची, पुन्हा लावायची, चिडायची, रडून लाल व्हायची आणि दमून झोपायची. जरा वेळाने पुन्हा तेच. मला चिरा पडल्या होत्या. तिला जवळ घ्यायची वेळ झाली की माझ्या पायाचे अंगठे आपोआप आत वळायचे, इतकं दुखायचं. आईचं प्रेम वगैरे सगळं ठीक आहे, पण खरं सांगायचं तर मला त्या एवढ्याशा जिवाच्या रडण्याची धास्ती बसली होती. पिताना तिच्या तोंडातून चट् चट् असा आवाज यायचा. आमची आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची बहीण, गल्लीच्या टोकाला राहायची आणि दिवसभर आमच्याकडेच असायची. ती तो आवाज ऐकून खूश. "बघ, कशी मचमच करून पितेय," म्हणायची. मग काट्यावर वजन घेतलं की वाढलेलं नसायचं आणि आत्या माझ्याकडे वळायची. "पोरगी बिचारी एवढी ओढतेय गं. तुझंच दूध पातळ हाय."

मग काय, माझ्या पोटात अळिवाची खीर, शतावरी, खसखस, बाजरीची भाकरी, सगळं जायला लागलं. अण्णा शाळेत शिक्षक, दृष्ट काढणं वगैरे त्यांना घरात चालायचं नाही. ते शाळेत गेले की आत्या मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन हजर. मी आपली सगळ्याला हो म्हणत होते. वाटीत वरचं दूध आलं, चमचा आला, तर त्यातलं अर्धं पोरीच्या मानेवरून ओघळायचं. तिच्या मांड्यांवरची कातडी सैल पडायला लागली होती. आंघोळ घालणाऱ्या बाईने हे बघितलं आणि काही बोलली नाही. आत्याच्या बडबडीपेक्षा मला तिचं न बोलणं जास्त लागलं.

या सगळ्यात बाबा सारखे यायचे. कधी खारीक घेऊन, कधी डिंक, कधी उल्हासनगरच्या मार्केटातून झबल्याचं कापड. व्याही एवढ्या वेळा येतात म्हणून माझ्या आईची तारांबळ. पदर सावरत ती पडवीत खुर्ची द्यायची. बाबा बसायचे, पडद्याकडे पाठ करून. आत मी पोरीला घेऊन बसलेली असायचे. जरा वेळाने बाबा घसा खाकरायचे. आईला वाटायचं, चहा हवा. ती चहा आणायची. ते निमूट प्यायचे. पुन्हा घसा खाकरायचे. पुन्हा चहा. एका बैठकीत तीन-तीन कप चहा पिऊन बाबा उठायचे आणि जायचे. आई म्हणायची, "तुझे सासरे चहाचे फारच शौकीन गं." घरी बाबा चहा घेतच नसत, हे तिला सांगायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

मग एका दुपारी ते आले तेव्हा आई आणि आत्या पाणी भरायला गेल्या होत्या. मी पोरीला पाजायचा प्रयत्न सोडून देऊन नुसती भिंतीला टेकून बसले होते. ती मांडीवर रडत होती, मीही रडत होते. पडद्यामागच्या दाराची कडी वाजली. एकदाच, हलकेच. माझ्या माहेरी कडी कोणी वाजवत नाही, त्यामुळे बाहेर कोण आहे ते विचारायला लागलं नाही. मी पदर घेतला आणि म्हटलं, "या बाबा." ते आत आले. बाळंतिणीच्या खोलीत सासरा... आमच्याकडे हे कोणी ऐकलंही नव्हतं. ते खिडकीशी गेले, स्टूल ओढून उजेडाकडे तोंड करून बसले, चष्मा काढून खिशात ठेवला. काय चाललंय मला कळेना. मग ते म्हणाले, "पोरी, इकडे बघ." आणि त्यांनी तोंड उघडलं.

आयुष्यभर ज्या माणसाने बोलताना तोंडावर हात धरला, तो माझ्यासमोर आ करून बसला होता. त्यांनी जीभ वर उचलली. म्हणजे उचलायचा प्रयत्न केला. जिभेच्या दोन्ही बाजू वर आल्या आणि टोक खालीच राहिलं, मधोमध खेचलेलं, बदामाच्या आकारासारखं. खाली एक पांढुरका ताठ पडदा होता. त्यांनी जीभ बाहेर काढायचा प्रयत्न केला, ती खालच्या दातांच्या पुढे आली नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, श्रमाने की लाजेने कोण जाणे. मग तोंड मिटून त्यांनी बोट केलं, "हिची बघ." ती रडतच होती, तोंड उघडंच होतं. मी तिला उजेडात धरलं. एवढीशी गुलाबी जीभ रडताना वर यायला बघत होती आणि टोकाला तसाच बदाम. हुबेहूब आजोबा. इतके दिवस नाक कोणाचं, कपाळ कोणाचं यावर घरात चर्चा चालल्या होत्या आणि हे कोणाला दिसलं नव्हतं.

"बाहेरून ऐकू येतं," बाबा म्हणाले. "चट् चट्. माझी आई सांगायची, मीपण असाच वाजवायचो. दूध ओढता यायचं नाही." त्यांचं गाव बारवी धरणाच्या अंगाला. त्यांच्या आईने त्यांना शेळीच्या दुधात कापसाची वात भिजवून, ती पिळून पिळून जगवलं होतं. पहिल्या दिवसापासून पडवीत बसून ते हा आवाज ओळखत होते. पण सुनेला अंगावर पाजण्याबद्दल सासऱ्याने बोलायचं कसं, सासू असती तर तिच्याकरवी सांगितलं असतं. विहीणबाईंना सांगायला घसा खाकरला की चहा यायचा. "तुझं दूध चांगलं आहे," ते उठता उठता म्हणाले, "त्याला काही झालेलं नाही." एवढं बोलून ते पडवीत जाऊन पडद्याकडे पाठ करून बसले. मी पोटभर रडले. इतक्या दिवसांत हे वाक्य मला कोणीच बोललं नव्हतं.

संध्याकाळी मी सगळ्यांना सांगितलं, डॉक्टरकडून जिभेखालचा तो पडदा कापून घेऊ म्हटलं आणि घरात रणकंदन. आत्या म्हणाली, "एवढ्याशा पोरीच्या जिभेला कात्री? मोठी झाली की सुटते आपोआप. बोलायला जरा उशीर लागंल, बाकी काय?" आईला रक्ताची भीती. तिच्या कोणत्या मैत्रिणीच्या पुतणीचं काहीतरी झालं होतं, ते तिने तीनदा सांगितलं. विजय कामावरून थेट आला होता, तो एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. "जरा थांबून बघू ना," तो म्हणाला. थांबायचं म्हणजे कशाच्या जोरावर, असं मी विचारलं, पण माझं कोण ऐकतंय. वरचं दूध आहे की, असं ठरायला आलं होतं. तेवढ्यात बाबा खुर्चीतून उठले. त्यांनी तोंडावर हात धरला नाही. "मी बोलतो," ते म्हणाले, "हसू नका."

कोणी हसलं नाही. बाबा हळूहळू, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं बोलत होते. शाळेत हजेरी घेताना गुरुजी त्यांना उभं करायचे आणि नाव सांगायला लावायचे. पुन्हा सांग. पुन्हा. वर्ग हसायचा, गुरुजीही हसायचे. एक दिवस ते पाटी घेऊन शाळेच्या मागून निघून गेले ते पुन्हा गेलेच नाहीत. पुढे जे काही शिकले ते फॅक्टरीत. स्टोअर मागून घेतलं, कारण तिथे नटबोल्टशी बोलावं लागत नाही. "आईने वातीवर जगवलं," ते म्हणाले, "पण जीभ तशीच राहिली. तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. आता आपल्याला माहीत आहे ना? माझी राहिली. हिची नको राहायला." मग बसले. अण्णा, पस्तीसेक वर्षं शाळेत हजेरी घेतलेला माणूस, खाली मान घालून बसले होते. मग ते म्हणाले, "सकाळी अंबरनाथला जाऊ. स्टेशनजवळ लहान मुलांचे डॉक्टर आहेत."

डॉक्टर तरुण होते. त्यांनी बोटाने जीभ उचलून पाहिली आणि म्हणाले, "टंग टाय आहे. अगदी पुढपर्यंत. बरं झालं लवकर आलात." माझी आई दाराबाहेरच थांबली. खरं तर एका दमाचं काम होतं. पोरगी किंचाळली, कापसाला थोडं रक्त लागलं आणि नर्सने तिला लगेच माझ्या कुशीत दिलं. "घ्या, पाजा." पडदा ओढला. पलीकडे बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते, मला त्यांच्या चपला दिसत होत्या. पोरगी हुंदके देत देत लागली. माझे अंगठे सवयीने वळले... आणि मग सैल झाले. दुखत होतं, चिरा होत्याच, पण ते चावल्यासारखं नव्हतं. ती ओढत होती. घोट गिळल्याचा बारीक आवाज येत होता, बाकी काही नाही. पडद्यापलीकडून बाबांनी विचारलं, "वाजतंय?"

"नाही बाबा," मी म्हटलं.

चपला तिथेच राहिल्या, हलल्या नाहीत. लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. तिला नव्याने शिकायला आणि माझ्या चिरा भरायला बरेच दिवस लागले, मध्ये पुन्हा वाटीचमचाही झाला. पण वजन वाढायला लागलं आणि मांड्यांना वळ्या पडल्या. त्या वळ्यांचं श्रेय आत्या अजूनही शतावरीलाच देते. त्या दिवशी दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी बाबांचं तोंड बघितलं होतं. "आजोबा, तुमचीपण सोडवून टाकू? आता तुम्हाला थोडं मोठं काम पडेल, पण होईल." बाबांनी मान हलवली. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "आता सुटली तर शेजारी ओळखणार नाहीत." बाबांनी केलेला मी ऐकलेला तो पहिला विनोद.

त्याच आठवड्यात मी पोरीला घेऊन विठ्ठलवाडीला परतले. बारसं रेंगाळलं होतं, ते मग केलं. मला नाव ठेवायचं होतं रमा. विजयने मला बाजूला घेऊन सांगितलं, "दुसरं बघ ना काहीतरी. बाबांना म्हणता येणार नाही." हळू बोलला होता, पण दोन खोल्यांच्या घरात हळू बोलण्याला अर्थ नसतो. कडी वाजली. बाबा दारातच उभे राहून म्हणाले, "नाव तिचं आहे. मला जमेल तसं मी म्हणेन." आणि त्यांना जमेल तसं ते म्हणत राहिले. ती हाक कशी होती तेही मी लिहिणार नाही. पण जगात तिला तसं बोलावणारा एकच माणूस होता आणि ती हाक आली की ती असेल तिथून धावायची.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की जखम भरेपर्यंत रोज जीभ उचलून बघत जा, पुन्हा चिकटायला नको. हे काम बाबांनी घेतलं. सकाळी कडी वाजायची, मी पोरीला त्यांच्या हातात द्यायचे, ते तिला खिडकीशी नेऊन हसवायचे आणि तोंड उघडलं की बघून घ्यायचे. जखम भरली, तरी बघणं थांबलं नाही. ती चालायला लागली, बोलायला लागली, मग तर विचारू नका, झोपेतसुद्धा बोलायची. पण सकाळी बाबांच्या खुर्चीसमोर उभं राहायचं. "दाखव जीभ." ती लांबलचक जीभ बाहेर काढायची, वर नाकाला लावायची, खाली, डावीकडे, उजवीकडे. बाबा चष्मा वर करून गंभीरपणे तपासायचे. मग बसल्या जागेवरून हात लांब करून दाराची कडी वाजवायचे, म्हणजे पास, जा. शाळेला उशीर होत असला, रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत असला, तरी कडी वाजल्याशिवाय ती हलायची नाही. कधी कधी ती उलट म्हणायची, "आता तुम्ही दाखवा." आणि बाबा... दाखवायचे. खालच्या दातांपर्यंत. ती म्हणायची, "थोडी आली," आणि कडी वाजवायची.

तिच्याशी ते बोलायला लागले आणि तिच्यामुळे माझ्याशी. भाजी निवडताना मला धरणाखाली गेलेल्या शेतांच्या गोष्टी सांगायचे, स्टोअरमधल्या साहेबांच्या नकलासुद्धा करायचे. बाहेर मात्र तेच. पेन्शनच्या काउंटरवर रमा टाचा उंचावून ठणकावून सांगायची, "तुकाराम! माझे आजोबा!" खालच्या दुकानातले सिंधी अंकल विचारायचे, "क्या बाबा, आज पोती बोलेगी कि आप?" बाबा नातीकडे बोट करायचे, पोती. मी एकदा म्हटलं, तुम्हीच बोला ना, आता कोण हसणार आहे? तर म्हणाले, "तिला बोलू दे. मला ऐकायला बरं वाटतं." विहारात हल्ली रमा पुढे बसून वंदना म्हणते, खणखणीत. शेवटच्या रांगेत बाबांचे ओठ हलायचे आणि तिच्या आवाजावर बरोबर बसायचे. बाबा गेल्यावर विहारात पुण्यानुमोदन झालं, त्या दिवशीही तीच म्हणाली. मी सवयीने शेवटच्या रांगेकडे बघितलं.

आता बाबांचा फोटो त्यांच्या खुर्चीवरच ठेवलाय, हार घालून. आत्या राहायला आली आहे. परवा सकाळी रमा युनिफॉर्म घालून, दप्तर पाठीला लावून फोटोसमोर उभी राहिली आणि तिने जीभ काढली. नाकाला लावली, खाली नेली, डावीकडे, उजवीकडे. आत्या किंचाळलीच. "अगं कार्टे, मेलेल्या माणसाला वेडावतेस?"

"वेडावत नाहीये आत्या," मी म्हटलं. "दाखवतेय."

रमाने जीभ आत घेतली आणि तशीच उभी राहिली. खाली रिक्षावाल्याने हॉर्न दिला. ती हलेना. पुन्हा हॉर्न झाला. मग माझ्या लक्षात आलं. मी कणकेचे हात तसेच घेऊन पुढे झाले आणि दाराची कडी वाजवली. एकदाच, हलकेच. ती गेली.